नलूत अडकलेला जीव

माझगावच्या मासळीबाजारात नलू खांबाआड झाली, आणि झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लपायची तिला सवय नव्हती. म्युनिसिपालिटीचा शिपाई काठी आपटत आला तरी ती मासळीच्या वाट्यांपासून हलत नसे, उलट चार शब्द जास्त सुनवायची; चाळीतली भांडणं ती पदर खोचून मधोमध उभी राहून ऐकायची. आणि आज सोनूमावशीची पाटी दिसताक्षणी ती पाय वाजू न देता मागे सरकली होती. हात कोलंबीच्या पाण्यानं ओले, कोपरावरून थेंब गळताहेत, पाठ त्या थंड लोखंडी खांबाला चिकटलेली. म्हातारी दहा पावलांवर होती. डोक्यावर सुकटीची पाटी, एका डोळ्यात फूल पडलेलं, म्हणून मान वाकडी करून ती एकेका रांगेत डोकावत होती. ‘नलू न्हाय आयली आज?’ तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, आत्ता तर होती, इथंच असेल कुठं तरी. ‘बरं. सांग तिला, गावचा निरोप हाय.’ नलूनं पाय आणखी आत घेतले. एकतीस वर्षांची बाई, दोनदा बाळंत झालेली, दोन्ही पोरं मातीत घालून आलेली, आणि एका म्हातारीला भिऊन खांबामागे उभी. सोनूमावशी पुढे गेल्यावर ती वाट्यांशी येऊन बसली. हात आपसूक चालू लागले, नखानं कोलंबीचं डोकं मोडायचं, पाठीवरून टरफल ओढायचं. भीती सोनूमावशीची नव्हती, निरोपाची होती. जो निरोप कानावर पडला नाही तो आलाच नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीवर सात महिने तिची आई जगत होती.

पहिला निरोप दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आला होता. नलूला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, राहीला, लिहिता येत नव्हतं. कार्ड लिहून घ्यायचं तर घरातलं दुखणं आधी लिहिणाऱ्याला सांगायचं आणि मग वाचणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं. त्यापेक्षा सोनूमावशीचं तोंड बरं. ती पंधरा-वीस दिवसांनी आगबोटीनं सुकी मासळी घेऊन मुंबईला यायची, आणि येताना गावातल्या अर्ध्या घरांचे निरोप पाटीतच बांधून आणल्यासारखी सांगायची. ‘आय तुजी चुलीपाशी पडली. डावं आंग गेलं. राही काशीदहून आयलीय, चार दिस ऱ्हाईल म्हनते. एकटीच करते बिचारी.’ नलू रडली. आई एकटीच राहायची, वडील जाऊन दहा वर्षं झालेली, भाऊ नाही. दोन मुली, एक दोन तासांच्या वाटेवर काशीदला दिलेली आणि एक समुद्र ओलांडून मुंबईला. नलूचा नवरा गुणाजी गोदीत खलाशी होता. तो म्हणाला, जाऊन ये. नलूनं गाठोडं बांधलं. मग बाजारात कोलंबी फार आली, मग गुणाजीला ताप आला, मग दिवाळी आली, आणि गाठोडं कोनाड्यात तसंच राहिलं. राही आहे ना तिथं, असं ती स्वतःला सांगत होती. राही असायचीच. राही कुठं नसते असं नलूनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि जे नेहमी असतं त्याची काळजी कोण करतो?

दुसरा निरोप कार्तिकात आला आणि त्यानं नलूनं गाठोडं सोडलं. ‘आयचा जीव तुज्यात अडकलाय गो,’ सोनूमावशी म्हणाली. ‘राही बोलली, लवकर ये. दोन घोट पानी घाल तुज्या हातानं, म्हंजे सुटंल ती. हाल बघवत न्हाय.’ त्या किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावर पडतं, खात नाही, उठत नाही आणि जातही नाही, तेव्हा त्याचा जीव कुणात तरी अडकलेला असतो. ते माणूस आलं, त्यानं पाणी पाजलं की जीव मोकळा होतो. नलूनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नऊ वर्षांची असताना शेजारचा रावजी तांडेल अकरा दिवस पडून होता; त्याचा मुलगा कराचीच्या जहाजावर. अकराव्या दिवशी मुलगा बुटांसकट घरात शिरला, त्यानं बापाच्या तोंडात पाणी घातलं, आणि रावजीनं एक आवंढा गिळला आणि मान टाकली. बायका म्हणाल्या, सुटला. नलू दारातून बघत होती. तिला तेव्हा वाटलं होतं, हा आला नसता तर? बापाला यानंच मारलं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बावीस वर्षांनी ते पुन्हा वर आलं. आपण गेलो की आय गेली. आपण न गेलो की आय राहिली. इतकं सरळ. ती बाजारात बसून वाटे लावायची आणि मनात म्हणायची, आजचा दिवस गेला, आजही मी तिला जगवली. गिऱ्हाईक घासाघीस करून गेलं तरी तिला राग यायचा नाही. आत कुठं तरी एक ऊब होती. तिला वाटायचं ती मायेची आहे. ती गर्वाची होती हे कळायला अजून वेळ होता.

गर्वाला कारणही होतं. नलू पाच वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला, एकवीस दिवसांचा, आणि आईनं हरिहरेश्वराला बोलून ठेवलं की पोर उठली तर तिला काखेत घेऊन तुझी प्रदक्षिणा घालीन. पोर उठली. आईनं तिला नेली. देवळामागच्या खडकांवरून, लाटांचं पाणी पायावर येत असताना, आई पाच वर्षांची पोर काखेत घेऊन चालली होती, हे नलूला आठवायचं. निदान आठवतं असं वाटायचं, कारण ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की आठवण कुठली आणि ऐकलेलं कुठलं हे वेगळं काढणं कठीण. गोष्टीच्या शेवटी आई नेहमी नलूच्या गालाला मासळीचा हात लावून म्हणायची, ‘ह्या पोरीत जीव अडकलाय माजा.’ सगळे हसायचे. राही पण हसायची. तेव्हा तेरा वर्षांची होती ती.

पौषात सोनूमावशी पुन्हा आली, आणि या खेपेला तोडगा घेऊन. तुला यायला जमत नसेल तर तुझं अंगावरचं जुनं लुगडं दे, धुवून विरलेलं, घामाचं. ते आयच्या उशाशी ठेवू. माणसाची सय कापडात असते, त्यावर भागेल. नलूनं पेटी उघडली. वरच हिरवं लुगडं होतं, सहा वर्षं वापरलेलं, पदराला हळदीचे डाग, तिचं दुसरं पोर गेलं तेव्हा ती त्यातच बसून होती. ते तिनं उचललं, नाकाशी नेलं, आणि पुन्हा पेटीत ठेवलं. मग ती सोनूमावशीला उंबऱ्यात बसवून, चहा देऊन, रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली आणि कोरं लुगडं घेऊन आली. खळीचा वास येणारं, घडी न मोडलेलं, अंगाला एकदाही न लागलेलं. ‘हे दे,’ ती म्हणाली. म्हातारीनं एका डोळ्यानं लुगड्याकडे पाहिलं, मग नलूकडे. ‘जुनं मागितलेलं गो.’ ‘आयला जुनं कसं देऊ मावशी? नवंच दे.’ सोनूमावशीनं दुवा दिला. मुंबईला राहून पोरगी बदलली नाही म्हणाली. नलू तिला बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि परत येताना तिला हसू येत होतं, चोरी पचल्याचं हसू. माणूस स्वतःला फसवायला बसलं की त्याच्यासारखं हुशार कुणी नाही. तिनं आईला नवं लुगडं दिलं होतं, गावात तिचं नाव झालं होतं, आणि आईचा जीव होता तिथंच तिनं बांधून ठेवला होता.

माघात पुन्हा निरोप आला, आणि त्यात आणखीही काही होतं. सोनूमावशी म्हणाली होती, राहीचा नवरा सदू कुरकुरतोय. चार दिवसांचे चार महिने झाले. होडीवरची माणसं जेवायला असतात, घरात बारा वर्षांची रंगू एकटी, ती किती भाकऱ्या बडवणार? तो दोनदा येऊन दारातच बोलून गेला, पोटाला कोन घालनार आमच्या, म्हणून. नलूनं हे ऐकलं होतं, नाही असं नाही. ‘असं का करतो तो?’ असंही म्हणाली होती. पण तिनं मनात ठेवलं ते दुसरंच: आय अजून आहे. बाकीचं तिनं मासळीचं पाणी टाकावं तसं टाकून दिलं. सदू नेहमीच तोंडाळ होता, राही त्याला सांभाळून घेईल. राहीला सांभाळायची सवय आहे.

त्या दिवशी बाजार उठल्यावर नलू चाळीत परतली तर सोनूमावशी खोलीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसलेली. रिकामी पाटी बाजूला उपडी. आता लपायला खांब नव्हता. नलूनं पाणी दिलं. म्हातारी ते सावकाश प्यायली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘बेस्तरवारची आगबोट शेवटची,’ ती म्हणाली. ‘मंग बंदर बंद. मी आता नारळी पुनवेनंतरच येनार. म्हनून म्हटलं, राहीचा निरोप देऊन जावं.’ ‘आय...’ नलू म्हणाली. ‘आय हाय तशीच हाय,’ म्हातारी म्हणाली. नलूचे खांदे खाली आले. ‘राहीनं सांगितलंय,’ सोनूमावशी म्हणाली, ‘नलूला बोल, आता येऊ नको.’

‘येऊ नको?’

‘एवढंच बोलली. येऊ नको.’

म्हातारी गेल्यावर नलू भिंतीला टेकून बसली. चूल पेटवायची होती, ती पेटवली नाही. सात महिने ये ये म्हणून निरोप येत होते तेव्हा ती हलली नव्हती, आणि आता येऊ नको म्हटल्यावर ती तेच दोन शब्द घोळवत होती. येऊ नको म्हणजे काय? आईचा जीव सुटला का आपल्यातून? दुसऱ्या कुणात गेला? राहीत? हे मनात आलं आणि तिला अंगावर कुणी उकळतं ओतल्यासारखं झालं. सात महिने शेजारी बसून, पेज भरवून, अंग पुसून राहीनं तो काढून घेतला असेल. असं होत असेल का? का होणार नाही? तिला राहीचा राग आला, खरा, लहानपणीचा राग, पाय आपटण्याइतका. गुणाजी संध्याकाळी आला तेव्हा कोनाड्यातलं गाठोडं बांधून तयार होतं. ‘नको सांगितलंय तर कशाला जातेस?’ तो म्हणाला. ‘सात महिने ये म्हणत होते तेव्हा गेली नाहीस.’ तो साधा माणूस होता, त्याला हे कोडं सुटेना. नलू म्हणाली, ‘माजी आय हाय ती.’ ‘ती तेव्हा पण होती,’ गुणाजी म्हणाला आणि तांब्या घेऊन पाय धुवायला गेला.

आगबोटीवर शेवटच्या फेरीची गर्दी होती. ट्रंका, कोंबड्यांच्या करंड्या, चाकरमान्यांची पोरं, ओकणाऱ्या बायका. नलू सोनूमावशीपासून दूर, कठड्याला पाठ लावून गाठोड्यावर बसली. मांडवा गेलं, डोंगर मागे सरले, आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, आता मी पोचेन, पाणी घालीन, आणि ती जाईल. जाऊ दे. पण माझ्या हातून जाऊ दे. सात महिने जे टाळलं तेच आता तिला हवं होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं. त्याऐवजी तिला हरिहरेश्वराचे खडक आठवले, आईच्या घामाचा वास, काखेतला तिचा चिमटलेला हात. आणि मग, कशावरून कोण जाणे, त्या गोष्टीतला एक भाग आठवला जो कधीच कुणी सांगितला नव्हता. आई आणि ती गेल्या तेव्हा राही कुठं होती? त्या दोघी तेरा दिवस बाहेर होत्या, जाताना होडीनं, येताना पायी. राही घरी होती. वडिलांची भाकरी, मासळी वाळवणं, पाणी भरणं. परत आल्यावर राहीच्या कोपराखाली भाजल्याचा डाग होता, हाताच्या पंजाएवढा, आणि आई म्हणाली होती, चूल नीट लावायला येत नाही का अजून? नलू तेव्हा आईच्या कमरेवर होती. तिनं वरून तो डाग पाहिला होता. सव्वीस वर्षांत तो डाग तिला आजच दिसत होता. उन्हात पाणी चमकत होतं, डोळे मिटून घेतले तरी पापण्यांतून लाल दिसत होतं, आणि तिला मळमळायला लागलं. शेजारची बाई म्हणाली, आवळकाठी चघळ, बरं वाटेल.

रेवदंड्याला उतरून, तरीनं खाडी ओलांडून, ती कोळीवाड्यात शिरली तेव्हा दुपार कलत होती. राही अंगणात चिंध्या धूत होती. बोंबील वाळत घालायचे बांबू मोकळे, त्यावर चिंध्याच चिंध्या वाळत होत्या. नलूला पहिल्यांदा वाटलं ही दुसरीच कुणी आहे, शेजारणीची सासू वगैरे. केस कानांपाशी पांढरे झालेले, गळ्याची हाडं वर आलेली, आणि डोळे असे की ते कितीतरी दिवस मिटलेलेच नाहीत. चिंध्यांत त्या कोऱ्या लुगड्याचे तुकडे होते. नलूनं ते ओळखले.

‘आयलीस?’ राही म्हणाली. हात थांबवले नाहीत.

‘बाय.’

‘येऊ नको सांगितलेलं.’

‘म्हनूनच आयले,’ नलूच्या तोंडून गेलं. राहीनं मान वर करून पाहिलं. मग एक चिंधी पिळून बांबूवर टाकत म्हणाली, ‘तुजं लुगडं फाडलं मी. आयच्या खाली घालायला. नवं कापड पानी शोषत न्हाय पन. दहादा धुतलं तेव्हा कुठं कामाचं झालं.’ यात टोमणा नव्हता. टोमणा मारायला अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे उरला नव्हता.

नलू आली ही बातमी वाड्यात पसरायला वेळ लागला नाही. शेजारची कृष्णाबाई आली, तिच्यामागून चार बायका. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण ज्याला जे करायचं ते त्यानं केलं. एकीनं तुळशीची पानं आणली. दुसरीनं आईच्या पिकल्या केसांतली जटा झालेली गाठ सोडली, कारण गाठ असली की जीव अडतो. कृष्णाबाईनं जिवाला वाट म्हणून छपराचं एक कौल सरकवलं. वरून उन्हाची तिरीप अंथरुणावर पडली आणि तिच्यात आई दिसली. नलूला वाटलं होतं आई बारीक झाली असेल. पण आई लहान झाली होती. चेहऱ्याचा डावा भाग ओघळलेला, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा, राहीनं खोली कितीही धुतली तरी न जाणारा एक वास. ‘जवळ जा,’ बायका म्हणाल्या. ‘सांग तिला, कोन आयलंय.’ नलू वाकली. ‘आय, मी नलू. मुंबईहून.’ आईच्या डोळ्यांत काही हललं नाही. ‘आयकू येतं तिला,’ राही दारातून म्हणाली. ‘मोठ्यानं बोलू नको.’ कृष्णाबाईनं वाटीत तुळशीचं पाणी आणि चमचा नलूच्या हातात दिला. बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडांवर दुःख होतं, पण त्यासोबत आणखीही काही होतं, आगबोट दिसल्यावर धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडावर असतं तसं. तिला रावजी तांडेलाचा मुलगा आठवला. तिनं चमचा आईच्या ओठांना लावला.

आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी गालावरून उशीवर ओघळलं. नलूनं पुन्हा चमचा भरला. आईनं मान फिरवली, फिरवता येत होती तेवढी, आणि उजव्या हातानं, जो अजून चालत होता, तिनं चमचा ढकलून दिला. ‘कोन ही?’ ती म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द सगळ्यांना कळले. ‘परकी बाई का बसवली हितं? राही! कुटं उलथली? पेज दे.’ कोपऱ्यातली एक बाई खाकरली. राही आत आली, नलूच्या हातातली वाटी काढून घेतली, बाहेर ओतली, पेज घेऊन आली, आणि डोक्याखाली हात घालून भरवू लागली. आई वाटीभर पेज प्यायली. ‘मीठ न्हाय घातलंस,’ म्हणाली. मग ती घोरायला लागली. बायका थोडा वेळ थांबल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि एकेक करून घरी गेल्या. चुली लावायच्या होत्या. कृष्णाबाईनं जाताना कौल परत जागेवर बसवलं.

दोघी बहिणी अंगणात येऊन बसल्या. समोर समुद्र ओसरला होता. नलू वाळूतले शिंपले उचलून टाकत होती. ‘तिला दिसत न्हाय म्हनून,’ ती अखेर म्हणाली. ‘नायतर माज्यात तिचा जीव...’

‘तुज्यात काय पन न्हाय,’ राही म्हणाली. ‘सात महिन्यांत तुजं नाव घेतलं न्हाय तिनं. एकदा पन न्हाय. मीच सोनूमावशीला सांगितलं तसं बोलायला.’

‘का?’

‘मंग काय बोलू? मी दमले, तू ये, असं? आयली असतीस?’

नलूनं विचार केला. पहिला निरोप तोच तर होता: राही एकटी आहे. आणि तिनं गाठोडं कोनाड्यात ठेवलं होतं. इथं, या अंगणात, खोटं बोलायची तिला लाज वाटली, म्हणून ती बांबूवरच्या चिंध्यांकडे बघू लागली. ‘जीव अडकलाय म्हटलं की मानसं परमुलखातनं येतात,’ राही म्हणाली. ‘मना वाटलं तू पन येशील. ते जुनं लुगडं पन त्यासाठीच मागितलं. वाटलं, अंगावरचं मागितलं म्हंजे उमजंल हिला, धावत येईल.’

‘मी त्यासाठीच आयली न्हाय बाय,’ नलू म्हणाली. शब्द बाहेर पडले आणि मग थांबवता आले नाहीत. ‘मी आयले की आय जाईल म्हनून. मना वाटलं मी हितं येत न्हाय म्हनून ती हाय.’

राहीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग ती हसली. छोटंसं, कोरडं, नाकातून निघालेलं हसू. ‘म्हंजे माज्याच बोलन्यानं थांबलीस तू,’ ती म्हणाली. ‘बरी अक्कल चालवली मी.’

‘तू खरं का न्हाय सांगितलंस?’

‘आनी तू?’

राहीनं पायाच्या अंगठ्यानं वाळूत एक रेघ ओढली, पुसली. ‘सदूनं बाई आनली,’ ती म्हणाली, मासळीचा भाव सांगावा तशी. ‘फाल्गुनात. चौलची हाय. मी जाऊन बघितली. आयला कृष्णाबाईकडं सोपवून गेले एक दिस. हाय चांगली, कामाची. मना तिनं पाट दिला बसायला. माज्याच घरात.’ तिनं रेघ पुन्हा ओढली. ‘रंगू तिला आय म्हनत न्हाय अजून. पन भाकर तिच्या हातची खाते.’ नलूनं तिचा हात धरायला हात पुढे केला. राहीनं तो धरू दिला, पण आपला हात तिथं नुसता ठेवला, उचललेल्या ओझ्यासारखा. ‘म्हनून येऊ नको बोलले,’ ती म्हणाली. ‘माघात आयली असतीस तरी चाललं असतं. आता येऊन काय करशील? जायचं ते गेलं माजं. आता मी हितं काय नि तिथं काय. तुजं घर तरी ऱ्हाऊ दे म्हटलं.’

नलूला रडायचं होतं. रडण्याला पण हक्क लागतो, आणि तो आपल्याला नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं. सात महिने ती एका माणसाला जगवत बसली होती, आणि जगवत होती ती राही. आपण ज्या दिवसांना आपले म्हणत होतो तो एकेक दिवस राहीच्या अंगातून काढलेला होता. आणि आईला, जिच्यासाठी हे सगळं, तिला यातलं काहीच नको होतं. तिला मीठ हवं होतं. नलूला आईचाही राग आला आणि त्या रागाची किळस आली.

राही उठली. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा प्रयत्न करून. ‘पेज चुलीवर हाय,’ ती म्हणाली. ‘घडीघडीला कूस बदल, डाव्या अंगाला जखम झालीय, तिला तेल लाव. चिंध्या दिवसातनं चार येळा बदलायच्या. रडंल ती, लक्ष देऊ नको.’

‘कुटं चाललीस?’

‘कृष्णाबाईकडं. झोपायला.’

‘मंग?’

‘मंग काशीदला जाईन. बघते, किती जागा ठेवलीय मना.’ ती चालायला लागली, आणि दोन घरं गेल्यावर न वळता म्हणाली, ‘आगबोट आता नारळी पुनवेलाच. पायी रेवसपर्यंत जाऊन तिथली बोट धरलीस तर गोष्ट येगळी.’ मग ती कुडाच्या वळणावर दिसेनाशी झाली. नलू तिथंच उभी राहिली. नारळी पौर्णिमेपर्यंत सव्वातीन महिने. माझगावच्या खोलीत गुणाजी, चूल थंड, गोदीतून आल्यावर कुठं जेवेल? शेजारची बाई दोन दिवस देईल, चार दिवस देईल. पोटाला कोन घालनार. नलूनं हा विचार पुढे जाऊ दिला नाही. पण तो कुठं जाणार होता हे तिला ठाऊक होतं, आणि तिथं जाताना तिला राहीच्या वाट्याला आलेलं पाटावरचं बसणं दिसलं.

आत आई जागी झाली होती. हाका मारत होती, राही, राही, एकसारखी. नलूनं पेज वाटीत घेतली, आठवणीनं मीठ घातलं, आणि अंथरुणाशी बसली. डोक्याखाली हात घातला, राहीनं घातला होता तसा. आईचं डोकं किती हलकं होतं. चमचा ओठांना लागला तसे ओठ मिटले.

‘कोन?’ आईनं दातांआडून विचारलं.

नलूनं चमचा धरून ठेवला.

‘राही,’ ती म्हणाली.

आईनं तोंड उघडलं.